नृत्यपटात शेवटचा शब्द कुणाचा: नाचणारीचा की संकलकाचा?

घुंगरू (लातूर)
गेल्या उन्हाळ्यात परभणीकडच्या एका जुन्या बारवेत, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीत, आम्ही बारा मिनिटांचा नृत्यपट केला. विषय २०१६ च्या दुष्काळाचा, मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते साल. कथकची रचना माझी. बाई घागर घेऊन तीनदा पायऱ्या उतरते आणि ते तीन उतार म्हणजे एक तिहाई, तोच तुकडा तीनदा घेऊन समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येणं. पहिल्या पल्ल्यात पाणी असणारच ही खात्री, दुसऱ्यात शंका, तिसऱ्यात कोरडा तळ, आणि समेवर घागर उपडी.

पडद्यावर पाहिलं तर मधला पल्ला नाही. तबल्यासकट काढलेला. ‘तेच तेच वाटत होतं’ एवढंच उत्तर मिळालं. खात्रीवरून थेट कोरड्या तळावर! ती बाई मधे ज्या शंकेतून गेली तीच माझी गोष्ट होती.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे. जिथं गोष्ट नाचातून सांगितली जाते, तिथं रचना करणारीला संकलनाच्या टेबलावर जागा हवी, आणि त्या भागात तिच्या संमतीशिवाय कात्री लागू नये.

कात्री (छत्रपती संभाजीनगर)
मी संकलनच करतो. तुमचं दुःख कळतं, मागणी पटत नाही. सभागृहात प्रेक्षक बाराव्या रांगेत असतो, त्याला शंका दिसायला तुम्हाला अख्खा पल्ला लागतो. कॅमेरा डोळ्यांपासून दोन हातांवर असतो. तिथं पापणी थरथरली तरी काम होतं. मग तोच उतार पुन्हा दाखवला की डोळा म्हणतो, हे पाहिलंय.

अमेरिकेतल्या प्रयोगशील चित्रपटकार माया डेरेन यांचा १९४५ चा छोटा मूकपट मिळाला तर पाहा. नर्तक टॅली बीटी रानात पाय उचलतो आणि तो टेकतो घरातल्या जमिनीवर. कुठल्याही मंचावर हे नृत्य होऊ शकत नाही, ते कात्रीनं रचलंय. संकलकाला नाचातला अडथळा समजू नका.

घुंगरू (लातूर)
उदाहरण माझ्याच बाजूचं दिलंत. त्या मूकपटाच्या नामावलीत डेरेन आणि बीटी, दोघांचीही नावं कर्ते म्हणून आहेत. शिवाय अमेरिकन नर्तकी कॅथरीन डनहम यांच्या नृत्यमंडळासोबत डेरेन स्वतः राहिल्या होत्या, नाचणाऱ्याचं अंग त्यांना ओळखीचं होतं. तो कट दोघांनी मिळून केला. आपल्याकडं नर्तक उदयशंकरांनी १९४८ मध्ये ‘कल्पना’ हा नृत्यपट स्वतःच दिग्दर्शित केला. हॉलिवूडचा नर्तक-नट फ्रेड अस्टेर तर हट्ट धरायचा की नाच सुरू असताना डोक्यापासून पायापर्यंत अंग चौकटीत हवं आणि कट कमीत कमी. माझ्या पटात तत्काराच्या, म्हणजे कथकच्या पदन्यासाच्या, वेळी चेहरा दिसतोय आणि पाय चौकटीबाहेर आहेत.

कात्री (छत्रपती संभाजीनगर)
पाय कापले ते चूकच, वाद नाही. पण अस्टेर नाचायचा तो सपाट फरशीवर. तुमच्याकडं बारव आहे, तिच्या पायऱ्या आहेत, भिंतीतलं देवकोष्ठ, म्हणजे देवाचा कोनाडा, आहे, तळातली भेगाळलेली माती आहे. तीही गोष्ट सांगतात, आणि त्यांना जागा द्यायची तर नाचातून काही जाणारच. प्रत्येक कटाला एकेकाची संमती घ्यायची ठरली तर सिनेमा पुरा होत नाही. कच्चं संकलन तुम्हाला दाखवावं, तुमचं ऐकावं, इथवर मी येतो. शेवटचा निर्णय एकाकडंच हवा.

संबळ (तुळजापूर)
पुनरावृत्ती म्हणजे तेच तेच, हे ज्यानं ठरवलं त्याला बैठकीची लावणी कुणी ऐकवलीच नसंल. एकच ओळ आठ-दहा बार येती, दर बारी अदा येगळी. एकदा रुसवा, एकदा आर्जव, एकदा नुसतीच मान वळवायची. यमुनाबाई वाईकरांचं सारं मोठेपण त्यातच हाय. पडद्यावर मात्र पहिली ओळ झाली की ठसका आणि कंबर, बाकी अदा कुठं गेल्या? आमच्या घरात गोंधळ हाय. कथा रातभर चालती, तिचाही लोक आता दोन मिनिटांचा तुकडा करायलेत. कशाला कात्री लावायची ते ठरवताना आमच्यातला एक तरी मानूस तिथं बसला पायजे का नको?

काळा कोट (नांदेड)
कायदा सांगतो, कारण यात भाबडेपणानं फसगत होते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नृत्यरचना नाट्यकृतीत धरली आहे, पण ती लिहून किंवा दुसऱ्या कुठल्या तरी रीतीनं नोंदलेली हवी. २०१२ च्या दुरुस्तीनं सादरकर्त्याला नैतिक हक्क दिला: आपलं नाव लागावं, आणि प्रतिष्ठेला धक्का बसेल अशा मोडतोडीला हरकत घेता यावी. पण त्याच कलमाचं स्पष्टीकरण म्हणतं की संकलनासाठी किंवा वेळेत बसवण्यासाठी भाग काढला, एवढ्यावरून धक्का बसला असं मानायचं नाही. म्हणजे तुमचा मधला पल्ला कायदा परत आणून देणार नाही. जे हवं ते चित्रीकरणाआधी करारात लिहून घ्या: तिहाई अखंड राहील, तत्काराला पाय दिसतील. ‘नर्तकीचं मत विचारात घेऊ’ अशा वाक्यावर सही करू नका.

तिसरी घंटा (परभणी)
मला वेगळंच खटकतंय. नाचणाऱ्याला हक्क हवा म्हणता, तर नाचणारा कोण? ताई, तुमच्या मागं घागरी घेऊन सहा मुली उतरल्या असतील. रचना करताना त्यांना काही विचारलं होतं का? की दिग्दर्शकाच्या जागी आता नृत्यगुरू बसणार आणि मागची रांग मागंच राहणार?

घुंगरू (लातूर)
चार होत्या. नाही विचारलं.

हे वाचून दुपारभर अस्वस्थ आहे. त्यातली एक त्या बारवेच्या गावचीच. तालमीत ती म्हणाली होती, ‘ताई, घागर उपडी करत नसतेत. रिकामी असली तरी तशीच सरळ डोक्यावर घेऊन येतेत, वाटेत कुणी पाहू नये म्हणून.’ मला समेवर काहीतरी ठळक हवं होतं, म्हणून मी उपडीच ठेवली. रिकामी घागर भरल्यासारखी सावरत वर चढणारी बाई मला तेव्हा दिसलीच नाही.

पुन्हा चित्रीकरण झालं तर घागर सरळ राहील, आणि ते सुचवणारीचं नाव रचनेत लागेल. @कात्री, तुमचा एकाच निर्णयाचा मुद्दा मला अजून मान्य नाही. मधला पल्ला मला हवाच आहे. कच्चं संकलन दाखवायला तयार आहात ना? मग तिलाही बोलवा.