विश्वासार्ह मल्टिकास्टच्या सिम्युलेशनमध्ये ट्रेस नेमका कशाचा ठेवावा?

प्रश्न

नमस्कार. मी एनएस-२ या नेटवर्क सिम्युलेटरमध्ये एसआरएम या विश्वासार्ह मल्टिकास्ट (एकाच वेळी साऱ्या गटाला डेटा पाठवून तो प्रत्येकाला मिळेल असे पाहणाऱ्या) प्रोटोकॉलचे सिम्युलेशन करत आहे. रचना साधी आहे: १०० नोडचे एक झाड, त्यातला एक नोड डेटा पाठवतो आणि सगळेच नोड गटाचे सदस्य आहेत. काही लिंकवर एरर मॉडेल लावून पॅकेटे मुद्दाम गाळली आहेत. हरवलेला डेटा सदस्याला परत मिळेपर्यंत किती वेळ जातो आणि एका हानीमागे किती अनावश्यक नॅक (‘पॅकेट मिळाले नाही, पुन्हा पाठवा’ अशा मागण्या) व दुरुस्तीची पॅकेटे निघतात, एवढेच मला मोजायचे आहे.

त्यासाठी ट्रेस-ऑल हा आदेश वापरून सर्व लिंकचा ट्रेस (पॅकेटांच्या हालचालींची नोंद) घेतला. ६०० सेकंदांच्या एका फेरीची फाइल सुमारे १ गिगाबाइट होते. ऑक्‌मध्ये लिहिलेली माझी स्क्रिप्ट ‘डी’ने सुरू होणारी (पॅकेट गळाल्याची) ओळ सापडली की त्या ओळीतला पॅकेट क्रमांक घेते आणि त्याच क्रमांकाची ‘आर’ने सुरू होणारी (पॅकेट पोहोचल्याची) ओळ पुढे कुठे येते ते शोधते. परंतु ज्या नोडपर्यंत पॅकेट पोहोचले नाही, तिथे तो क्रमांक पुन्हा कधीच दिसत नाही. इतर नोडवर मात्र दिसतो. शिवाय ‘डी’च्या ओळी फारच थोड्या आहेत, आणि दुरुस्त्या त्यांच्या कितीतरी पट. स्क्रिप्ट चुकते आहे की मुळात ट्रेसच चुकीचा घेतला आहे?

उत्तर १

स्क्रिप्टमध्ये दोष असेलही, पण मूळ अडचण ट्रेसच्या निवडीत आहे. तुम्ही घेतलेला ट्रेस पॅकेटांचा आहे आणि तुमचा प्रश्न डेटाविषयी आहे. युनिकास्टमध्ये (एकाने एकालाच पाठवताना) या दोन गोष्टी बऱ्याच अंशी एकमेकींवर बसतात, म्हणून ही गल्लत तिथे खपून जाते. विश्वासार्ह मल्टिकास्टमध्ये ती खपत नाही.

पॅकेट क्रमांकाचेच पाहा. झाडाला जिथे फाटा फुटतो तिथे पॅकेटाच्या प्रती निघतात आणि सर्व प्रतींवर तोच क्रमांक राहतो, म्हणून एका फांदीवर गळालेला क्रमांक दुसऱ्या फांदीवर सुखरूप पोहोचलेला दिसतो. उलट दुरुस्ती म्हणून जे पाठवले जाते ते नव्याने तयार झालेले पॅकेट असते, बहुधा मूळ स्रोताऐवजी दुसऱ्याच सदस्याने पाठवलेले, आणि त्याचा क्रमांकही नवा असतो. म्हणजे जिथे वेगळेपण हवे तिथे क्रमांक एकच आहे आणि जिथे नाते जुळायला हवे तिथे तो वेगळा आहे. ‘डी’च्या ओळी थोड्या का, याचेही उत्तर यातच आहे. मुळाजवळच्या लिंकवर एक पॅकेट गळाले आणि त्या लिंकखाली ४० सदस्य असतील, तर फाइलमध्ये ओळ एकच पडते, पण हानी चाळीस होतात.

म्हणून नोंद लिंकवर न ठेवता सदस्याच्या एजंटमध्ये (नोडवर प्रोटोकॉल चालवणाऱ्या भागात) ठेवावी आणि तिची ओळख ‘स्रोत, संदेश क्रमांक, सदस्य’ या तिहेरी खुणेने करावी. एनएस-२ मधील एसआरएम एजंटला ही सोय आधीपासून आहे: त्याला ‘ट्रेस’ आणि ‘लॉग’ असे दोन वेगळे आदेश देता येतात. पहिल्यात हानी लक्षात आली, टायमर लावला, नॅक पाठवला, दुसऱ्याचा नॅक ऐकून माघार घेतली, दुरुस्ती पाठवली अशा घटना वेळ, नोड, स्रोत व संदेश क्रमांक आणि मागणीची कितवी फेरी यांसह उतरतात; दुसऱ्यात प्रत्येक हानीचा निवाडा झाल्यावर तिचा गोषवारा लिहिला जातो. तुमच्या दोन्ही आकड्यांसाठी एवढे पुरेसे आहे.

मात्र तीन ठिकाणी सावध राहावे लागेल, आणि पहिले सर्वांत महत्त्वाचे आहे. हानी घडली तो क्षण आणि ती सदस्याच्या लक्षात आली तो क्षण हे वेगळे असतात. मधले पॅकेट हरवले तर पुढचे येताच क्रमातील खंड दिसतो. पण स्रोताने पाठवलेल्या शेवटच्या पॅकेटाची हानी पुढचा सेशन संदेश (आपल्याला कुठवरचा डेटा माहीत आहे हे सदस्य ठरावीक काळाने गटाला कळवतात तो) येईपर्यंत कळतच नाही. त्यामुळे डेटा थांबून थांबून पाठवला जात असेल, तर ‘हानीपासून’ आणि ‘लक्षात आल्यापासून’ अशा दोन विलंबांच्या सरासरींत मोठी तफावत पडते. दोन्ही वेळा नोंदवा आणि अहवालात कोणता विलंब दिला आहे ते स्पष्ट लिहा.

दुसरे म्हणजे गोषवाऱ्याची ओळ हानी भरून निघाल्यावर पडते, त्यामुळे सिम्युलेशन संपताना ज्या हानी भरून निघायच्या राहिल्या त्या फाइलमध्ये नसतात, आणि त्याच बहुधा सर्वांत रेंगाळलेल्या असतात. सरासरी त्यामुळे अकारण चांगली दिसते. शेवटची काही सेकंदे स्रोत बंद ठेवून टायमर निवू द्यावेत, किंवा अपूर्ण हानींची संख्या वेगळी मोजून सरासरीशेजारी द्यावी.

तिसरे, टायमर लावताना निवडलेली मर्यादाही नोंदीत असू द्या. एसआरएममध्ये नॅकचा टायमर स्रोतापर्यंतच्या अंदाजित एकेरी विलंबाच्या सी-१ पट ते सी-१ अधिक सी-२ पट या टप्प्यातून यादृच्छिकपणे निवडला जातो. एनएस-२ मध्ये सी-१ व सी-२ या दोन्ही स्थिरांकांचे मूळ मूल्य २ आहे, म्हणजे विलंब ५० मिलिसेकंद असेल तर पहिला नॅक हानी लक्षात आल्यापासून १०० ते २०० मिलिसेकंदांत निघाला पाहिजे. तुमच्या नोंदीत तो ६० मिलिसेकंदांनी निघालेला दिसला, तर प्रोटोकॉलवर संशय घेण्याआधी स्क्रिप्ट तपासा. माझ्या एका जुन्या प्रयोगात असे ‘चपळ’ नॅक दिसत होते; दोन स्रोतांचे संदेश क्रमांक मी एकाच रकान्यात मिसळले होते, एवढेच कारण निघाले.

उत्तर २

फाइलच्या आकाराविषयी थोडी भर घालतो. ती डेटाने फुगलेली नाही, सेशन संदेशांनी फुगलेली आहे. प्रत्येक सदस्य दर सेकंदाला एक सेशन संदेश साऱ्या गटाला पाठवतो असे धरा. १०० नोडच्या झाडात ९९ लिंक असतात आणि प्रत्येक लिंकवर रांगेत शिरणे, रांगेतून निघणे व पोहोचणे अशा तीन ओळी पडतात. म्हणजे एका संदेशामागे जवळजवळ ३०० ओळी, सेकंदाला ३०,००० आणि ६०० सेकंदांत १ कोटी ८० लाख. एका ओळीला ५५ बाइट धरले तर तुमचा १ गिगाबाइट तिथेच भरतो. सदस्य दुप्पट केले की या ओळी चौपट होतात, त्यामुळे मोठ्या गटांसाठी सर्व लिंकचा ट्रेस हा विचारच सोडून द्यावा.

लिंकचा तपशील कधी लागलाच, तर सिम्युलेशन पुन्हा तसेच्या तसे चालवता येते याचा फायदा घ्या. यादृच्छिक संख्यांचे बीज (त्यांचा सुरुवातीचा आकडा) ठरवून द्या आणि ते नोंदीच्या पहिल्याच ओळीत लिहा. एजंटच्या नोंदीत विचित्र हानी दिसली की त्याच बीजाने दुसरी फेरी चालवून फक्त त्या दोन-चार सेकंदांचा आणि त्या दोन-चार लिंकचा पूर्ण ट्रेस घ्या. एरर मॉडेलला यादृच्छिक संख्यांचा स्वतंत्र प्रवाह द्यायला विसरू नका, नाहीतर दुसऱ्या फेरीत एखादा एजंट वाढवला तरी वेगळीच पॅकेटे गळतील. आणि शेवटच्या प्रक्रियेत फ्लश-ट्रेस बोलावून मगच फाइल बंद करा. अर्धवट तुटलेली शेवटची ओळ पाहून प्रोटोकॉल अडकला असे समजणारे मी एकापेक्षा अधिक पाहिले आहेत.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. एजंटचा ट्रेस घेतल्यावर फाइल काही मेगाबाइटवर आली आणि हानींची संख्या दुरुस्त्यांशी जुळू लागली. लिंकच्या ट्रेसमधल्या एका ‘डी’खाली २३ सदस्य निघाले. आता पुढचा टप्पा नॉर्म या नॅकवरच चालणाऱ्या दुसऱ्या विश्वासार्ह मल्टिकास्ट प्रोटोकॉलशी तुलना करण्याचा आहे. तिथेही हीच तिहेरी खूण चालेल का?

उत्तर १

जशीच्या तशी चालणार नाही. नॉर्म (आरएफसी ५७४०, २००९) दुरुस्तीसाठी फॉरवर्ड एरर करेक्शन (मूळ डेटावरून काढलेली जादा पॅरिटी पॅकेटे पाठवून हानी भरून काढणे) वापरू शकतो आणि तेव्हा हरवलेले पॅकेट व त्याची दुरुस्ती अशी जोडीच उरत नाही. एका ब्लॉकमधली (पॅकेटांच्या गटातली) तीन चिन्हे, म्हणजे डेटाचे तुकडे, एका सदस्याने आणि वेगळी तीन दुसऱ्याने गमावली, तरी तीच तीन पॅरिटी पॅकेटे दोघांचेही काम करतात. त्यामुळे ‘या पॅकेटाची भरपाई कधी झाली’ हा प्रश्न गैरलागू ठरतो. ‘हा ब्लॉक या सदस्याला उलगडण्याजोगा कधी झाला’ असे विचारावे लागते. खूण स्रोत, ऑब्जेक्ट, ब्लॉक आणि सदस्य अशी ठेवा आणि प्रत्येक नोंदीत त्या क्षणी ब्लॉकला किती चिन्हे कमी आहेत तो आकडा लिहा. तो शून्यावर आल्यानंतर पोहोचलेली त्या ब्लॉकची पॅरिटी पॅकेटे त्या सदस्यापुरती अनावश्यक.

तुलना न्याय्य व्हावी म्हणून एसआरएमच्या नोंदीही नंतर तितक्याच पॅकेटांच्या गटांत बांधून, गटातले शेवटचे हरवलेले पॅकेट मिळाल्याची वेळ काढा. एका बाजूला पॅकेटाचा विलंब आणि दुसऱ्या बाजूला ब्लॉकचा विलंब ठेवून काढलेल्या आलेखात नॉर्म हकनाक मंद दिसेल.