शब्दचर्चा: त्वचेची ‘झाक’ आणि नक्षीच्या कापडाची ‘जमीन’

मूळ प्रश्न (सातारा)

साताऱ्यात खणआळीजवळ मी ब्लाउज आणि ड्रेस शिवते. गिऱ्हाईक कापड पुढ्यात टाकतं आणि विचारतं, “ताई, हे मला खुलंल का?” अलीकडे त्यात ‘अंडरटोन’ हा शब्द आलाय. कॉलेजच्या मुली मोबाइलवर बघून येतात: “माझा अंडरटोन वॉर्म आहे, पण ही प्रिंट कूल वाटतेय.” सोबत आलेल्या आईच्या चेहऱ्यावर प्रश्नचिन्ह. आईला समजावून सांगायला मी ‘झाक’ म्हणते, आणि एका शब्दात काम होतं. हा शब्द इथल्या जाणकारांना पटतो का, ते विचारायचं आहे.

माझा हिशोब असा. ‘वर्ण’ म्हणजे गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा, काळा. यातून त्वचा किती उजळ किंवा किती गडद एवढंच कळतं. ‘कांती’मध्ये तेज आणि पोत येतो: नितळ, तुकतुकीत, निस्तेज. ‘छटा’ आपण एकाच रंगाच्या गडद-फिक्या पायऱ्यांना म्हणतो. वरच्या रंगातून दुसरा रंग डोकावतो तेव्हा मात्र आपण सहज म्हणतो, “निळसर झाक आहे”, “पिवळी झाक मारतेय”. अंडरटोन म्हणजे नेमकं हेच: पिवळी झाक म्हणजे वॉर्म, निळसर-गुलाबी झाक म्हणजे कूल. त्वचेचा गडदपणा मेलॅनिन या त्वचेतल्या रंगद्रव्यावर अवलंबून असतो. झाक ठरते ती मेलॅनिनचा प्रकार, रक्तातल्या हिमोग्लोबिनचा तांबूसपणा आणि कॅरोटीनचा पिवळेपणा यांच्या मेळातून. उन्हाळ्यात शेतावर जाऊन वर्ण काळवंडतो, पण झाक सहसा तीच राहते.

म्हणजे सावळ्या दोघी बहिणी असल्या, तरी एकीची झाक पिवळी आणि दुसरीची निळसर-गुलाबी असू शकते. गोऱ्यांचंही तेच. वर्ण आणि झाक यांची गल्लत झाल्यामुळे आपल्याकडे “सावळीनं फिकंच घालावं”, “काळ्याला भडक शोभत नाही” असले सल्ले पिढ्यान् पिढ्या चालत आले. त्या सल्ल्यांनी कितीतरी मुलींच्या अंगावरून चांगले रंग काढून घेतले. याचा मला मनापासून राग येतो. म्हणून हा शब्द नीट रुजावा असं वाटतं.

दुसरा शब्द ‘जमीन’, म्हणजे नक्षीच्या मागचा कापडाचा मूळ रंग. “हिरव्या जमिनीवर लाल बुट्टे” असं आमच्या धंद्यात सर्रास म्हणतात. नक्षीचं कापड निवडताना आधी जमिनीची झाक बघायची की बुट्ट्यांची? आपापला अनुभव लिहा.

प्रतिसाद (सांगली, कापड पेठ)

ताई, ‘झाक’ शंभर टक्के बरोबर. आम्ही दुकानदार तो शब्द कापडाला वापरतो. तुम्ही त्वचेला वापरलात, त्यामुळे दोन्ही बाजूंना एकच माप लागू झालं. हाच मोठा फायदा.

गिऱ्हाईक नुसतं “गुलाबी दाखवा” म्हणालं की आम्ही विचारतो, अबोलीकडचा की राणीकडचा? अबोलीत केशरी-पिवळी झाक आहे, राणीत आणि गुलबक्षीत निळी. लालाचं तसंच: शेंदरी, विटकरी एका बाजूला, किरमिजी दुसऱ्या बाजूला. हिरव्यात पोपटी आणि मेंदी पिवळ्या झाकेचे, रामा निळ्या झाकेचा. आता पिवळा म्हटल्यावर सगळ्यांना तो उबदारच वाटतो. पण आमच्या सांगलीच्या हळदीचा पिवळा आणि लिंबू कलर शेजारी ठेवून बघा. हळदीत तांबूसपणा आहे, लिंबात हिरवेपणा. हळदी रंग ज्या बाईला खुलतो, तिचं तोंड लिंबू रंगात उतरलेलं दिसतं, हे मी रोज बघतो.

पांढऱ्यातसुद्धा झाक असते. नीळ दिलेला पांढरा थंड, मोतिया उबदार. छापील कापडात हे कुणी बघत नाही आणि तिथंच फसगत होते. फुलं बरोबर निवडलेली असतात, पण जमीन निळसर पांढरी असते.

एक विनंती सगळ्यांना: कापड दुकानाच्या दारात नेऊन बघा. आतले पांढरे एलईडी 6500 केल्विनच्या (उजेडाच्या रंगाचं माप) आसपासचे असतात, घरातला पिवळा दिवा 2700 ते 3000 केल्विनचा. एकाच कापडाची झाक या दोन उजेडांत वेगळी दिसते. चांगला दुकानदार दारात न्यायला नाही म्हणत नाही.

प्रतिसाद (कऱ्हाड)

मला ‘अंतर्छटा’ हा शब्द सुचला होता. लेखात चांगला दिसेल, पण आईशी बोलताना तोंडात येणार नाही. ‘झाक’च बरा.

माझी अडचण वेगळी आहे. मनगटाच्या शिरा हिरव्या दिसल्या तर वॉर्म, निळ्या दिसल्या तर कूल, असं सगळीकडे सांगतात. मी सावळी आहे, मला शिरा दिसतच नाहीत. मग झाक ओळखायची कशी? आणि माझ्याकडे लाल-पिवळ्या बारीक फुलांची कुर्ती आहे, जमीन पांढरी. त्यात लाल कुठला, पिवळा कुठला, काहीच कळत नाही. ती मला शोभते का हे कसं ठरवू?

मूळ लेखिका

कऱ्हाडच्या ताई, शिरांची खूण सोडून द्या. रक्त कुणाचंच हिरवं-निळं नसतं. वरच्या त्वचेतून प्रकाश कसा परततो त्यावर शिरांचा रंग दिसतो, आणि गडद त्वचेत तो धड दिसत नाही. सांगलीच्या दादांनी पांढऱ्याचं सांगितलं, तेच वापरा. सकाळी खिडकीपाशी, तोंडाला पावडर-क्रीम काही न लावता, हनुवटीखाली आधी नीळ दिलेलं पांढरं कापड धरा, मग मोतिया. कापडाकडे बघू नका, चेहऱ्याकडे बघा. एका कापडानं डोळ्यांखालची काळी वर्तुळं आणि ओठांभोवतीचा काळेपणा वर येतो, दुसऱ्यानं तो निवतो. ज्यानं निवतो ती तुमची बाजू. दोन्हींत फरकच पडला नाही तर झाक मिश्र आहे, आणि मग तुम्हाला निवड करायला भरपूर वाव आहे.

आता कुर्ती. बारीक नक्षी लांबून वेगवेगळी दिसत नाही. डोळा तिची सरमिसळ करतो. पांढऱ्यावर लाल ठिपके दाट असतील तर लांबून गुलाबी दिसतं. काळा-पांढरा बारीक चौकडा राखाडी होतो. लाल-पिवळी बारीक फुलं शेंदरीकडे झुकतात. निळी आणि पिवळी बारीक फुलं एकत्र आली तर करडं, मळकट काहीतरी दिसतं. जवळून इतकी गोड दिसणारी प्रिंट अंगावर मरगळलेली का वाटते, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. म्हणून कुर्ती खुंटीला अडकवा, दहा-बारा फूट मागे या आणि डोळे किलकिले करून बघा. जो एक रंग उरतो, त्याची झाक तुमच्या झाकेशी जुळवा. फुलं मोजत बसायची गरज नाही.

मोठ्या नक्षीचं गणित निराळं. वितीएवढी कोयरी किंवा मोठं फूल दहा फुटांवरूनही कोयरीच दिसते. तिथं चेहऱ्याजवळ काय येतं तेवढंच बघायचं. हे काम आम्हा शिवणाऱ्यांचं. कापड बेततानाच मी ठरवते, गळ्यापाशी जमीन येऊ द्यायची की बुट्टा. मेंदी जमिनीवर जांभळे बुट्टे आहेत आणि बाईची झाक निळसर आहे, तर एक जांभळा बुट्टा गळ्याखाली घ्यायचा, मेंदी जमीन खाली आणि पाठीवर जाऊ द्यायची. कापड अपुरं असेल तर गळ्याला जांभळं पायपिंग लावलं तरी पुष्कळ फरक पडतो. कापड आवडलंय, पण जमीन आपल्या झाकेची नाही, म्हणून ते परत करायची गरज नसते.

रंगाशेजारी रंग ठेवला की दोघेही बदलतात, हे शास्त्रानंही मांडलं आहे. पॅरिसच्या गोबेलँ या चित्रपडदे विणणाऱ्या कारखान्यात रंगाई विभागाचा प्रमुख असलेल्या मिशेल शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञाकडे तक्रार आली होती की काळा रंग फिका पडतो. त्यानं तपासलं तर रंगात खोट नव्हती. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे काळा मरत होता. 1839 मध्ये त्यानं यावर सविस्तर लिहिलं. गळ्याचं कापड आणि गालाची त्वचा हेही शेजारीच असतात. जमिनीची झाक त्वचेतली विरुद्ध झाक वर काढते, एवढाच त्याचा आपल्यापुरता अर्थ.

प्रतिसाद (विटा)

आमच्याकडे यंत्रमाग आहेत, म्हणून एक भर घालतो. विणलेल्या नक्षीला ‘जमीन’ म्हणताना जरा सांभाळा. छापील कापडात जमीन एकरंगी असते. धूपछाव कापडात उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या रंगाचा. जमीनच दोन रंगांची. हात हलला की झाक बदलते. असं कापड मिश्र झाकेच्या माणसाला फार छान दिसतं. बाकीच्यांनी उभे-आडवे दोन्ही धागे उसवून वेगवेगळे बघावेत. कडेला सुटलेले दोन धागे असतातच.

चौकडीच्या शर्टातही हेच. पुरुषमंडळी झाकबिक बघत नाहीत, पण निळ्या चौकडीत एक पिवळी रेघ असली की शर्ट एकाला खुलतो, दुसऱ्याला नाही. ती रेघ बघा.

मूळ लेखिका

विट्याच्या दादांचा मुद्दा खणाला लागू आहे आणि इरकलीलाही. खण मूळचा बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा, इरकल त्याच जिल्ह्यातल्या इलकलची, पण साताऱ्या-सांगलीत दोन्ही घरच्यासारखी नांदतात. खणाची नक्षी इतकी बारीक की दोन पावलांवरून एकच दाट रंग दिसतो. त्यामुळे खण निवडताना लांबून दिसणारा रंग धरायचा.

इरकलीत सगळे अंगाचा रंग निवडण्यात तास घालवतात. साडीचं अंग निऱ्यांत आणि कमरेखाली जातं. चेहऱ्याजवळ काय येतं? ब्लाउज, खांद्यावरचा काठ आणि पदर. इरकलीचा पारंपरिक पदर लाल, पांढऱ्या पट्ट्यांचा. तो तुम्ही बदलू शकत नाही. मग निळसर झाकेच्या बाईनं काय करायचं? ब्लाउज जांभळ्या किंवा वांगी खणाचा शिवायचा. पदराचा लाल तिथं थांबतो, गळ्याशी तिचा रंग येतो. पिवळ्या झाकेच्या बाईनं मेंदी किंवा विटकरी खण घ्यावा. सासूबाईंची इरकल अंगावर शोभत नाही म्हणून पेटीत पडून आहे, असं सांगणाऱ्यांना मी आधी ब्लाउज बदलायला सांगते.

प्रतिसाद (वाई)

भाषेच्या बाजूने दोन गोष्टी. ‘-सर’ आणि ‘-ट’ हे प्रत्यय झाक दाखवतात, पण त्यांचा भाव वेगळा आहे. पिवळसर, निळसर, लालसर हे तटस्थ. पिवळट, हिरवट, काळपट यांत नापसंती आहे. आजाराची, मळकेपणाची छाया आहे. माणसाच्या त्वचेबद्दल बोलताना ‘-सर’ वापरावा, ‘-ट’ टाळावा. ‘तांबूस’ही चांगला.

दुसरं, सावळ्या वर्णाच्या झाकेला मराठीत शब्द नाहीत असं कुणाला वाटेल. पण आपल्या भक्तीच्या भाषेत मेघश्याम आहे, घननीळ आहे. निळी झाक असलेला गडद वर्ण, आणि तो सुंदर म्हणून सांगितलेला. गोऱ्यांकडे ‘केतकी’ आहे, म्हणजे पिवळ्या झाकेचा गोरा. शब्दसंपदा आहे, वापर सुटला आहे.

प्रतिसाद (कऱ्हाड)

सर, घननीळ वाचून फार बरं वाटलं. खिडकीपाशी कापडं धरून बघितली. नीळ दिलेल्या पांढऱ्यात चेहरा स्वच्छ दिसला. कुर्ती लांबून शेंदरी दिसते, म्हणून गळ्याला राणी रंगाचं पायपिंग लावून घेणार आहे.

एक प्रश्न राहिला. माझ्या मैत्रिणीची झाक ना पिवळी ना निळी, सरळ हिरवी आहे. ‘ऑलिव्ह’ म्हणतात ती. तिला ‘हिरवट’ म्हणायचं नाही, हे सरांनी सांगितलंच. मग काय म्हणायचं?

मूळ लेखिका

अशा मुली आपल्याकडे पुष्कळ आहेत. मी त्यांना ‘मेंदीची झाक’ म्हणते आणि अजून तरी कुणी नाक मुरडलेलं नाही. ‘शेवाळी’ म्हणून पाहिलं, तर तो शब्द कुणाला रुचत नाही. सरांना आणखी बरा शब्द सुचला तर हवा आहे.

मैत्रिणीला सांगा, लिंबू रंगाची आणि फिक्या पिस्त्याची जमीन गळ्यापाशी नको, त्यानं हिरवेपणा वाढतो. मोरपंखी, आमसुली, वांगी, गडद विटकरी अशा जमिनी बघा म्हणावं, आणि त्यावर मध्यम आकाराची नक्षी. पांढरं हवं असेल तर मोतिया आणि नीळ दिलेला यांच्या मधला, न धुतलेल्या कोऱ्या मांजरपाटासारखा. त्यावर मोरपंखी बुट्टी मिळाली तर दोन मीटर माझ्यासाठीही घेऊन ठेवा.