बारावीनंतर डी.फार्म की बी.फार्म? देवगडात मेडिकल टाकायचंय

हापूस_देवगड
बारावी सायन्स झालं, बायोलॉजी ग्रुप, सीईटीत मार्क बेताचेच आहेत. बाबा म्हणतात डी.फार्म (फार्मसीचा डिप्लोमा) करून मोकळा हो आणि नाक्यावर आपला गाळा आहे तिथे मेडिकल टाक, मामा म्हणतो बी.फार्मशिवाय (फार्मसीची डिग्री) आता कोण विचारत नाय. मला मुंबईला जायचं नाहीये एवढं नक्की. या लाइनमधलं कोणी असेल तर खरं काय ते सांगा.

काउंटर_कुडाळ
भावा, दुकानच टाकायचं तर डी.फार्म पुरे. सीईटी लागत नाही, बारावीच्या मार्कांवर ॲडमिशन, दोन वर्षं कॉलेज, मग ५०० तास ट्रेनिंग, एक्झिट एक्झाम आणि मग स्टेट फार्मसी कौन्सिलचं रजिस्ट्रेशन. लायसन्स एफडीएचं (राज्याचं औषध प्रशासन), फॉर्म २० आणि २१, त्याला जागा कमीत कमी १० चौरस मीटर लागते म्हणून गाळा आधी मोज. पण शिकणं सोपं रे, पैसा मालात अडकतो. सरकारी भाव-कंट्रोलमधल्या गोळ्यांवर रिटेलरला १६ टक्के मार्जिन, त्यात गावची उधारी, आणि गणपतीत चाकरमानी मोबाइलवर ॲपचा भाव दाखवून डिस्काउंट मागतात ते वेगळंच. पावसात लाइट गेली की इन्सुलिन २ ते ८ डिग्रीत ठेवायचं म्हणजे इन्व्हर्टर पण धर खर्चात.

लोटे_नाइटशिफ्ट
मामा अगदीच चुकीचं बोलत नाहीत. कंपनीत क्यूसी (मालाची क्वालिटी तपासणं), प्रॉडक्शनला यायचं असेल तर बी.फार्मच बघतात, ड्रग इन्स्पेक्टरला पण डिग्री लागते. पण डी.फार्म करून नंतर बी.फार्मच्या डायरेक्ट सेकंड इयरला जाता येतं, सो दार बंद होत नाही. रत्नागिरीला सरकारी फार्मसी कॉलेज आहे, मुंबई लांबच राहिली.

आरोग्यकेंद्र_मावशी
झिला, एक आयक. डिप्लोमा झालो की कोणीतरी येतलो, म्हणतलो तुझा सर्टिफिकेट माझ्या दुकानात लावतंय, तू घराक बस, महिन्याक पैसे घे. तेका हो म्हणा नको, रजिस्टर्ड माणूस हजर नसताना औषध देणं कायद्यात बसत नाय आणि काय झाला तर नाव तुझाच जातला. आणि काउंटरवर बसलास तर नुसत्यो पट्टयो कापू नको. लावणीच्या दिवसात शेतातून आलेलो माणूस ताप आणि पोटऱ्या दुखतत म्हणान गोळी मागता, तेका क्रोसिन देऊन घराक पाठवू नको, लेप्टो (उंदराच्या मुतान पाण्यातसून होणारो ताप) असू शकता, आमच्याकडे पाठव. ह्या ज्याका जमता तोच खरो फार्मासिस्ट, डिग्री खयची पण असूदे.

हापूस_देवगड
थँक्यू सगळ्यांना, मावशी खास. डी.फार्मचाच फॉर्म भरतो, पुढचं पुढे. गाळा मोजला, ९ बाय ११ फूट भरतोय.

काउंटर_कुडाळ
९९ चौरस फूट झाले, १० चौरस मीटरला १०८ तरी पाहिजेत. मागची पडवी आत घे आणि मगच इन्स्पेक्शनला बोलव.