मदत हवी आहे : पंप सुरू झाला की एलसीडीवर जपानी अक्षरं!

मंडळी, मी पेशाने अकाउंटंट, इलेक्ट्रॉनिक्सचा गंध नाही. गॅलरीतल्या कुंड्यांना आपोआप पाणी घालायचा खटाटोप चालू आहे. पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेलं सामान : आर्डुइनो उनो (कोड भरून चालवायचा छोटा बोर्ड), ओलावा मोजणारा कपॅसिटिव्ह सेन्सर, आय-टू-सीवाली (दोनच वायरींवरून माहिती घेणारी) १६ बाय २ एलसीडी, ५ व्होल्टचं रिले मॉड्यूल (विजेने चालू-बंद होणारा स्विच) आणि पाण्यात बुडणारा छोटा डीसी पंप. सगळ्यांना वीज आर्डुइनोच्या ५ व्होल्ट पिनमधून, आर्डुइनोला लॅपटॉपच्या यूएसबीतून.

सेन्सर चोख. माती कोरडी झाली की आकडा चढतो, पाणी ओतलं की उतरतो. पण पंप जोडला की कधी सुरुवातीची 'वेलकम' ओळ परत येते, तर कधी आकडे जाऊन जपानीसारखं काहीतरी उमटतं आणि रीसेट दाबेपर्यंत हटत नाही. पंपाची वायर काढून नुसता रिले टकटक करत ठेवला तर काही बिघडत नाही, म्हणजे कोड बरा असावा.

कोणी सांगतं ग्राउंड (म्हणजे मायनसची बाजू) एकत्र जोडा, कोणी सांगतं अजिबात जोडू नका. नेमकं करू काय?

प्रतिसाद

ताई, हे दोन वेगळे आजार आहेत.

'वेलकम' परत येतं तेव्हा आर्डुइनो रीसेट होतोय. मोटर फिरायला लागताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते आणि ५ व्होल्टची लाइन खाली बसते. बोर्डावरचा 'एल' लिहिलेला दिवा त्या क्षणी लुकलुकला तर समजा हेच.

ती अक्षरं मात्र बहुतेक खरंच जपानी असणार! या एलसीडीच्या चिपमध्ये कताकाना ही जपानी लिपी भरलेली असते. प्रत्येक अक्षर ४-४ बिटांच्या दोन तुकड्यांत जातं. पंपाच्या ब्रशच्या ठिणग्यांमुळे एखादा जादा पल्स घुसला की एका अक्षराचा उत्तरार्ध पुढच्याच्या पूर्वार्धाला चिकटतो, आणि एलसीडी पुन्हा नव्याने सुरू होईपर्यंत सगळ्याच जोड्या चुकत जातात.

पंपाला ५ व्होल्टचा जुना मोबाइल चार्जर वेगळा द्या. प्लस रिलेच्या 'कॉम'ला (सामाईक टोक), 'एनओ'मधून (रिले चालू झाल्यावरच जोडलं जाणारं टोक) पंपाला, मायनस थेट पंपाला. पंपाच्या दोन टोकांवर १०४ छापलेला सिरॅमिक कपॅसिटर आणि १एन४००७ डायोड लावा. डायोडची पट्टी प्लसकडेच हवी, उलटा लावलात तर चार्जर शॉर्ट होईल. पंपाच्या वायरा एलसीडीच्या वायरांपासून लांब ठेवा.

धागाकर्ती

दिवा लुकलुकतोय! आणि ग्राउंडचं काय?

प्रतिसाद

रिले आहे तोवर जोडायची गरज नाही, त्याचे काँटॅक्ट आर्डुइनोपासून वेगळेच असतात. उद्या रिलेऐवजी मॉसफेट (स्विचसारखा वापरायचा ट्रान्झिस्टर) लावलात तर मात्र दोन्ही ग्राउंड जोडावेच लागतील, नाहीतर गेटवरच्या (त्याला चालू करणाऱ्या पिनवरच्या) ५ व्होल्टना काही अर्थच उरत नाही. तुम्हाला सल्ला देणारे दोघंही बरोबर, फक्त त्यांच्या डोळ्यांसमोरची सर्किटं वेगळी. मॉसफेट मागितलात तर दुकानदार बहुधा आयआरएफ५४० हातावर ठेवेल. तो ५ व्होल्टवर पुरता उघडत नाही, आयआरएलझेड४४ मागून घ्या.

आणखी एक प्रतिसाद

कोडमध्ये पंप एका दमात किती सेकंद चालेल त्याला मर्यादा घाला. सेन्सर मातीतून निसटला तर त्याला माती कायम कोरडीच वाटते. मग बादली रिकामी होते, पंप कोरडा फिरून जळतो आणि पाणी खालच्यांच्या गॅलरीत.