कांस्यपदकाला पाच कोटी मागणं हावरटपणा?

राधानगरीकर:
काल एकाने लिहिलं, "कांस्यच ना? राज्याने दिलेले दोन कोटी पुष्कळ झाले. पाच कोटी आणि पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलाजवळ फ्लॅट मागणारे नेमबाज स्वप्नील कुसाळेचे वडील हावरट आहेत." वाचून गप्प बसवेना. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांबळवाडीचा हा पोरगा पात्रतेत सातवा होता. फायनलला गुडघ्यावर आणि झोपून मारताना मागे, मग उभ्याने मारत तिसरा, 451.4 गुण. 50 मीटर रायफलच्या या थ्री पोझिशन प्रकारात भारताचं हे पहिलंच ऑलिंपिक पदक. विश्वचषक जिंकलेल्या क्रिकेट संघाला राज्याने त्याच वर्षी जुलैत 11 कोटी जाहीर केले, तेव्हा हावरट कोण हे कुणी विचारलं नाही.

ठाणेकर_करदाता:
क्रिकेट मध्ये आणू नका. हरियाणा पाच कोटी देतं हे वडिलांचं म्हणणंच चूक. तिथे कांस्याला अडीच. तिथल्या नेमबाज मनू भाकरला पाच मिळाले ते दोन पदकांचे. आमच्या वॉर्डातल्या शाळेला मैदान नाही, त्याचं बोला.

राधानगरीकर:
अडीच तर अडीच. तरी आपण पन्नास लाखांनी मागेच ना?

रेंजवरची_आई:
तुम्ही बक्षिसावर भांडताय. माझी मुलगी पॉइंट टू टू रायफलने नेम मारते. जॅकेट, भाड्याची रायफल, वर काडतुसं. सरावात गोळ्या मोजून मारायच्या, कारण महिनाअखेर जवळ असते. दागिने मोडले मी. पदकानंतरचे कोटी राहू द्या, आधी गोळ्या द्या.

तालीमवाला_कराड:
आमच्या कुस्तीगीर खाशाबा जाधवांचं काय? 1952, हेलसिंकी, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. 1984 ला गेले, अर्जुन पुरस्कार मिळाला 2000 साली. स्वप्नीलला पाच महिन्यांत अर्जुन जाहीर झाला. रडायचं कशाला?

कोल्हापुरी_नेम:
खाशाबांवर अन्याय झाला म्हणून पुढच्यांवरही व्हावा? आमची तेजस्विनी सावंत 2010 ला म्युनिकमध्ये जगज्जेती झाली. तिचा प्रकार कुठला, इथल्या किती जणांना सांगता येईल?

तालीमवाला_कराड:
नेमबाजी बघायला कुत्रं येत नाही. कुस्तीला मैदान भरतं. लोकांना जे कळतं त्यालाच मान.

कोल्हापुरी_नेम:
तोंड सांभाळा. कळत नसेल तर शिका. 50 मीटरवरचं दहा गुणांचं मधलं वर्तुळ जेमतेम एक सेंटिमीटर आहे. तालमीच्या नावावर दुसऱ्याचा घाम हलका करू नका.

ठाणेकर_करदाता:
नोकरी कुणी दिली? रेल्वेने. तेही सरकारचेच पैसे.

राधानगरीकर:
2015 पासून तिकीट तपासनीस होता. अधिकारी केला पदकाच्या दिवसात. त्याआधीची नऊ वर्षं तो कुणाला दिसला?

ठाणेकर_करदाता:
बरं, बढती उशिरा झाली, एवढं देतो तुम्हाला. फ्लॅट मात्र नाही.

रेंजवरची_आई:
आणि काडतुसांचं? त्यावर कुणीच बोललं नाही.