दोन स्कारफेस : १९३२ आणि १९८३

काल गटावर कुणीतरी १९८३च्या 'स्कारफेस' या गुंडपटातली अल पचिनोची ती बंदुकीवाली क्लिप टाकली आणि त्याच नावाचा १९३२चा कृष्णधवल चित्रपट आठवला. दोन्हींत नायक टोनी नावाचा गुंड : जुन्यात कमोंटे (पॉल म्युनी), नव्यात मोंटाना (पचिनो). दोन्ही पाहिलेल्यांनी लिहा. दिग्दर्शक हॉक्सचा जुना जेमतेम दीड तासाचा, डी पाल्माचा नवा १७० मिनिटांचा! जुन्यात मरण आलं की चौकटीत कुठेतरी फुली (X) असते. टोळीयुद्धातल्या व्हॅलेंटाइन डे हत्याकांडाच्या प्रसंगात कॅमेरा आधी छताच्या कैच्यांवर (तिरक्या तुळयांवर) : सात फुल्या. खाली मरणारेही सातच, तेही फक्त भिंतीवरच्या सावल्यांत.

बोलिंग विसरलात
जुन्यात बोरिस कार्लॉफने केलेला गुंड! गुणफलकावर स्ट्राइकची फुली पडते, पुढचा चेंडू हातातून सुटतो न सुटतो तोच गोळ्या. शेवटची पिन गरगरते, गरगरते... आडवी.

+१
टोनीचा मित्र रिनाल्डो (जॉर्ज राफ्ट), त्याच्या दारावर रोमन दहा (X). आवाज बंद करून बघा, अजून सापडतील.

आवाज बंद??
मग सुरुवातीची शिट्टी कशी ऐकणार? खुनी टोनी नुसती सावली, ओठांवर दोनित्सेत्तीच्या लुचिया ऑपेराची धून. तीच त्याची ओळख.

रक्त रक्त काय
८३च्यावर सगळे तुटून पडतात. करवतीचा प्रसंग नीट बघा. ऐन वेळी कॅमेरा खिडकीतून बाहेर, खाली टोनीचा मित्र मॅनी पोरीशी गुलुगुलु बोलतोय, मग परत वर. रक्त उडतं, पण कापणं दिसत नाही. हॉक्सच्या सावल्यांचीच युक्ती.

सेन्सॉर
३२ला खटला-फाशीचा दुसरा शेवट चित्रित करावा लागला, त्यात पॉल म्युनीचा चेहराच नाही. ८३ला आधी 'एक्स' (फक्त प्रौढांसाठी) प्रमाणपत्र, अपिलात त्याहून सौम्य 'आर'. म्हणजे फुली इथेही हजर :))

अवांतर
जुन्यात जॉर्ज राफ्टचं नाणं उडवणं! १९५९च्या 'सम लाइक इट हॉट' या चित्रपटात दुसरा गुंड नाणं उडवतो, तर हाच राफ्ट त्याच्यावर खेकसतो.

शेवट
मला जुनाच धारदार वाटतो. दोन्ही टोनी बहिणीच्या नवऱ्याला, म्हणजे आपल्याच मित्राला मारतात. पण जुन्यातली बहीण चेस्का भावाच्या बाजूने लढते, नव्यातली जीना भावावरच गोळ्या झाडते. आणि कमोंटे एकटा पडल्यावर गयावया करतो, पळतो, 'जग तुझंच आहे'च्या निऑन पाटीखाली मरतो. मोंटाना मात्र छाती काढून उभा, पाठीत गोळी, थेट हौदात. म्हणून पोस्टर त्याचीच खपतात.

@शेवट
हौद नाही हो, कारंजं! बाकी संध्याकाळी, कुकर शिट्ट्या देतोय (लुचिया नाही).