ऑटोमॅटिक पिकअपच्या गिअरबॉक्सचा ताप मोजायचा की नाही?

संत्राबागवाला (मोर्शी)

माझ्या ऑटोमॅटिक पिकअपमध्ये इंजिनच्या पाण्याचा काटा आहे, गिअरबॉक्सच्या तेलाला मात्र फक्त एक दिवा. माझं म्हणणं असं, की आपल्या भागात ही गाडी राबवणाऱ्याने त्या तेलाचं तापमान डोळ्यासमोर ठेवलंच पाहिजे. दिव्याच्या भरवशावर राहणं म्हणजे विहीर आटल्यावर मोटार बंद करायला धावणं.

गाडी डिझेल, सहा गिअरची, टॉर्क कन्व्हर्टरवाली, म्हणजे क्लचच्या जागी तेलातून ताकद पोचवणारी. कंपनी सांगत नाही, उगाच भलतीकडे वाद जाईल. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला गाडीच्या सेन्सरांचे आकडे वाचणारं ब्लूटूथचं ओबीडी यंत्र लावलं, काही शे रुपयांचं, आणि मोबाईलवर ॲप.

मागच्या मे महिन्यात बागेला विकतचं पाणी द्यायची वेळ आली. डाल्यात ७५० लिटरची टाकी, गावातल्या बोअरपासून बागेपर्यंत अडीच किलोमीटर पांदण, चढाची आणि भुसभुशीत. वेग माणसाच्या चालीएवढा. निघताना ८४ अंश, बागेत पोचलो तर ११२. त्याच दिवशी दुपारी मोकळी गाडी घेऊन अमरावतीला गेलो. बाहेर ४५, वेग ८०, आणि आकडा ८९-९० ला चिकटून. म्हणजे उन्हापेक्षा पांदण वाईट. हे यंत्राने दाखवलं नसतं तर मी एसी बंद करून घामाघूम होत गाडीवर उपकार केल्याच्या समजुतीत राहिलो असतो.

दुसरा प्रसंग चिखलदऱ्याचा. १६ पोती सिमेंट, पुढे भरलेला ट्रक, धामणगाव गढीकडून चढ. आकडा ११८. दिवा विझलेलाच. बाजूला घेतली, न्यूट्रल केली, इंजिन चालूच ठेवून रेस बाराशे-पंधराशेवर धरली. आठ-दहा मिनिटांत ९८. पुढे गिअर हाताने दुसऱ्यावर धरून चढलो तर १०५ च्या वर गेलाच नाही.

बोला आता.

गॅरेजवाला भाऊ

राग नका येऊ देऊ, पण हे फॅड आहे. बावीस वर्षं झाले, गॅरेज चालवून रायलो. ज्याच्या घरात थर्मामीटर आलं त्याच्या घरी रोज कोणाले ना कोणाले ताप येते. आधी ८०० किलो सिमेंट भराचं, मंग ट्रकच्या मांगं लागाचं, अन् मंग आकडा पाहून घाबराचं. आकडा कमी कराचा असन तं पोते कमी करा ना बाप्पा!

अन् घाटात डोळे रस्त्यावर ठेवाचे का फोनवर? वळणावर एखादा समोर आला तं गिअरबॉक्स वाचला का अन् मेला का, काय फरक पडते.

तेल बदलत राहा. त्याच्या पलीकडं काही लागत नाई.

पऱ्हाटी ७२

मुळात ऑटोमॅटिक घेतलीच काऊन? गावात क्लचवाली पिकअप घ्याची, बिघडली तं पिंपळाखालचा पोरगाही खोलते. तुमची बिघडली तं सहा महिने उभी राहीन, कोंबड्या अंडे घालतीन त्याच्यात.

संत्राबागवाला (मोर्शी)

@पऱ्हाटी, माझा डावा गुडघा गेलाय हो. क्लच दाबवत नाही, म्हणून ऑटोमॅटिक. आणि क्लचवाली पांदणीत तापत नाही असं थोडंच आहे? तिथे क्लच प्लेट जळते. फरक इतकाच, की ती जळताना वास येतो आणि ड्रायव्हर पाय काढतो. इथे वास येईपर्यंत तेल काळं पडलेलं असतं.

@गॅरेजवाला भाऊ, फोनकडे बघत नाही मी. ॲपमध्ये ११० ला भोंगा लावलाय. तो वाजला तरच लक्ष.

बुटीबोरीकर

दोन्हीकडे अर्धवट बोलणं चाललंय.

आधी ताप येतो कुठून ते बघा. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनकडचा पंखा तेल फेकतो आणि त्या तेलाच्या जोरावर गिअरबॉक्सकडचा पंखा फिरतो. दोघांच्या फिरण्यात जितका फरक, तितकी ताकद नुसतं तेल घुसळण्यात जाते आणि तिची उष्णता होते. मोकळ्या रस्त्यावर लॉकअप क्लच लागतो, दोन्ही पंखे एकत्र फिरतात, घुसळण थांबते. म्हणून अमरावती रोडवर ९० आणि पांदणीत ११२. उन्हाचा वाटा आहे, पण धाकटा. गिअर हाताने खाली धरला तर आकडा उतरतो त्याचं कारणही हेच. इंजिन मोकळं फिरतं, कन्व्हर्टरची घसर कमी होते आणि तेल फिरवणारा पंपही इंजिनवरच चालत असल्यामुळे जास्त तेल ते गार करणाऱ्या, रेडिएटरमधल्या कूलरकडे जातं. ट्रकमागे इंजिन बंद न करता न्यूट्रलला उभं राहणं बरोबर होतं. बंद केलं असतं तर पंप थांबला असता आणि गरम तेल जागच्या जागी बसलं असतं.

आता मूळ लेखकाला प्रश्न. तुमचे ११८ नेमके कुठले? सेन्सर गिअरबॉक्सच्या तळाशी तेल साठतं त्या पॅनमध्ये असेल तर कन्व्हर्टरमधून निघणारं तेल त्याहून बरंच गरम असतं. सेन्सर कन्व्हर्टरच्या तोंडाशीच असेल तर क्षणभराचे ११८ म्हणजे काही आभाळ कोसळलं नाही. आणि स्वस्त यंत्राच्या ॲपमध्ये गिअरबॉक्सच्या तापमानाचं सूत्र आपण हाताने भरतो, ते प्रत्येक गाडीचं वेगळं. पुष्कळ सेन्सरांच्या कच्च्या आकड्यातून ४० वजा करायचे असतात. ते करायचं राहिलं की ७८ चे ११८ दिसतात. बघा, फरक बरोबर तुमच्या भीतीएवढाच निघतो का!

संत्राबागवाला (मोर्शी)

हा हिशेब मी पहिल्याच दिवशी केला. रात्रभर उभी गाडी, सकाळी सहाला इंजिन सुरू न करता नुसती चावी फिरवली. गिअरबॉक्स २९, इंजिनचं पाणी २९, ओसरीवरचं थर्मामीटर २८. सूत्र चुकलं असतं तर तिथेच कळलं असतं. त्याआधी दुसरं सूत्र भरलं होतं तेव्हा मे महिन्यात भर दुपारी मोर्शीत उणे ४० दाखवत होतं. बायको म्हणाली, यालाच कूलरच्या जागी लावा.

सेन्सर पॅनमधला आहे. म्हणजे तुमच्याच म्हणण्यानुसार कन्व्हर्टरचं तेल ११८ च्या वर होतं. आता सांगा, आभाळ किती खाली आलं होतं?

बुटीबोरीकर

थर्मामीटरशी पडताळलं असेल तर शब्द मागे घेतो. पॅनमध्ये ११८ म्हणजे बरं नव्हतं.

साधारण ८० ते ९५ ही त्या तेलाची सुखाची जागा. ११० च्या पुढे तेल झपाट्याने विटायला लागतं, १२० च्या पुढे बारीक व्हॉल्व्हवर वॉर्निशसारखा थर धरतो, त्याच्याही पुढे रबरी सील कडक होतात. ढोबळ हिशेब असा सांगतात, की वरच्या दर १०-११ अंशांना तेलाचं आयुष्य निम्मं. पुष्कळ गाड्यांत दिवा १३० च्या पुढेच लागतो, तेव्हा त्याला उशीर होतो हे मान्य. पण गोळाबेरीज वेळेची असते. वर्षातून एकदा दहा मिनिटं ११८, आणि रोज दोन तास ११२, यात दुसरं वाईट. तुमचा घाट सोडा, पाण्याच्या खेपा मोजा.

दर्यापूरची सून

आमच्या घरी गाडी मीच चालवते, म्हणून बोलते. खारपाणपट्ट्यात चढ कुठून आला? सगळं सपाट. तरी डिसेंबरात आमचा आकडा १०८ ला जायला लागला. थंडीत! आधी वर्षभर मी तो ९२ च्या वर कधी पाहिला नव्हता. सर्व्हिस सेंटरवाल्याने गाडी जोडून बघितली, म्हणाला ताई, काही एरर नाही, दिवा नाही, वापरा बिनधास्त.

कापूस जिनिंगवर नेत होतो आम्ही महिनाभर. लाईनीत दोन-दोन तास, गाडी डी मध्ये, ब्रेकवर पाय, चार फूट पुढं, परत उभी. मला वाटलं त्यानंच होत असेल. तसं थोडं होतच होतं, न्यूट्रल करायला लागले तर तीन-चार अंश उतरले. पण बाकीचे?

एका रविवारी यांनी समोरची जाळी काढली. बाहेरून एसीचा कंडेन्सर स्वच्छ दिसत होता. त्याच्या आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत बोट घातलं तर हाताला गोधडी लागली. खरंच गोधडी. रुईचे तंतू, त्यावर धूळ, त्यावर परत तंतू, अशी बोटभर जाडीची. काडीनं ओढली तर वीतभर तुकडा अख्खा निघाला. मग आतून बाहेरच्या बाजूला, साध्या पाईपनं, धार न मारता धुतलं. जोरात मारलं की पातळ पत्र्या वाकतात. दुसऱ्या दिवशी तीच लाईन, तेच वजन, ९४.

भाऊ म्हणतात तेल बदला. मी तेल बदललं असतं, पैसे गेले असते आणि गोधडी तिथंच राहिली असती. मला नेहमीचा ९२ माहीत होता म्हणून १०८ खटकला. दिव्याला काय खटकणार!

पऱ्हाटी ७२

ताई, हे मात्र पटलं. माह्या क्लचवालीचीही जाळी काढून पाहातो आज.

कोळसापट्टा (वणी)

मोजण्याने माणूस कसा वाहवतो ते माझ्याकडून ऐका. आकडा १०० दिसला की झोप उडायची. शेवटी बाहेरचा जादा कूलर बसवला, मोठ्यातला मोठा. रेडिएटरमधला कूलर बायपास केला, नळ्या थेट बाहेर. उन्हाळ्यात ७५ च्या वर गेला नाही, मी खूश. डिसेंबरच्या पहाटे १५ किलोमीटर गेलो तरी आकडा ४५. गाडी जड, गिअर उशिरा पडायचे, लॉकअप लागेना, डिझेल जास्त. रेडिएटरमधला कूलर सकाळी तेल गरमही करत असतो हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. आता जुना कूलर परत जोडलाय, त्याच्यानंतर छोटा कूलर, आणि मध्ये थंड तेलाला आडवाट देणारा थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह. हे सगळं करायची गरज होती का? माझ्या वापराला नव्हती. वॉरंटीचा वाद झाला तो वेगळाच.

गॅरेजवाला भाऊ

घ्या! हेच सांगून रायलो मी. आकडा पाहाले लागला का माणूस पाना हातात घेते.

ताई, तुमच्या गोधडीले मानलं. पण जाळी तं दर दिवाळीनंतर काढाचीच असते जिनिंगच्या गाडीची, त्याले यंत्र काऊन लागते?

अन् तेलाचं हसण्यावारी नेऊ नका. सर्व्हिस सेंटरात सांगतात, याचं तेल बदलाचंच नसते. पुस्तक उघडून पाहा, कठीण वापराचा रकाना वेगळा असते. धूळ, घाट, ओझं, कमी वेग. आपल्या इकडं साधा वापर म्हणजेच कठीण वापर. मी ४० हजाराले बदलतो. अन् पॅनचा बोल्ट खोलून एका वेळी निम्मंही निघत नाई, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये बसून रायते. म्हणून थोडं चालवून परत एकडाव. काळं निघालं, जळका वास आला, तं समजाचं. नाक हेच माह्यं मीटर.

संत्राबागवाला (मोर्शी)

भाऊ, तेलाच्या बाबतीत तुमच्या बाजूने. माझंही ४० हजाराला बदलायचंय. पण एक विचारतो. माझ्या गाडीला डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, नाही. तेल भरल्यावर गाडी सपाटीवर उभी करून, इंजिन चालू ठेवून, खालचा लेव्हलचा बोल्ट काढायचा आणि बारीक धार थेंबावर आली की बंद करायचा. हे तेल साधारण ३५ ते ४५ अंशांच्या मध्ये असतानाच करायचं, कारण गरम तेल फुगतं. ८० वर पाहिलं तर जास्तीचं वाटून निघून जातं आणि गाडी कमी तेलावर फिरते. मग तुम्ही ते ३५-४५ नाकाने कसं ओळखता?

गॅरेजवाला भाऊ

हात लावून.

दर्यापूरची सून

मे महिन्यात भाऊ? सावलीतच ४५ असते. उभ्या गाडीचं तेलही तेवढंच तापलेलं.

बुटीबोरीकर

ताईंनी बरोबर पकडलं. उन्हाळ्यात ते काम पहाटेच होतं. इंजिन सुरू केल्यावर चार-पाच मिनिटांत आकडा निसटतो.

गॅरेजवाला भाऊ

बरं. संत्रावाले, तेल आणलं का? सोमवारी पहाटे पाचले या, गाडी रात्रीच आणून ठेवली तं अजून बरं. पॅनची पॅकिंग नवी आणजा. अन् येतानी तुमचं ते यंत्रही घेऊन या. माह्याजवळ होतं एक, पण त्याचं वायर उंदरानं खाल्लं.